पारसिकचा डोंगर आणि साडेनऊ इंच

ठाणे ते दिवा हे अंतर सुमारे नऊ किलोमीटर आहे आणि ते मी गेले चौदा महिने बांधतो आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आमच्या ठाण्यात आली आणि पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला जाऊन पोचले, ही माहिती मीच एकदा जेवताना उत्साहाने घरात सांगितली होती. तेव्हापासून ‘त्यांना वर्ष पुरलं’ एवढे तीनच शब्द सौभाग्यवती अधूनमधून उच्चारते.

माझे बांधकाम अर्थातच नौपाड्यातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत, संगणकाच्या पडद्यावर, रात्री दहानंतर चालते. रेल्वे सिम्युलेटर नावाच्या या खेळात गाडी चालवण्याची सोय असते, तशीच मार्ग बांधण्याचीही असते, आणि शहाणी माणसे पहिल्या सोयीवर समाधान मानतात. मला मात्र याच वाटेवरचा पारसिकचा बोगदा हवा होता. १९१६ साली सुरू झालेल्या त्या सव्वा किलोमीटरहून जास्त लांबीच्या अंधारात शिरताच आख्खा डबा एका सुरात ओरडायचा, आणि लहानपणी त्या ओरडण्यात माझाही वाटा होता. २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका झाल्यावर फास्ट लोकल मुंब्र्याकडून जाऊ लागली आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना राहिला. तेव्हा निदान पडद्यावर तरी लोकल पारसिकातून न्यायची, असे मी ठरवले.

प्रथम जमीन हवी. ती फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने पृथ्वीची उंची मोजण्यात आली होती. ती आकडेवारी साधारण तीस-तीस मीटरवर एक नोंद या हिशेबाने कोणालाही उतरवून घेता येते आणि खेळात भरली की डोंगर, खाडी, सपाटी आपोआप उगवते. अडचण एवढीच की रडारला गच्ची आणि जमीन यांतला फरक कळत नाही. त्यामुळे इमारतींची दाटी असलेला नौपाडा माझ्या नकाशात एक छोटेखानी पठार झाला आणि ठाणे स्थानकाच्या फलाटांवर टेकड्या आल्या. त्या मी आठ-आठ मीटरच्या चौकोनांनी, एकेक करून, हाताने सपाट केल्या. गावात मोकळी जमीन मिळवण्याचा दुसरा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

बोगद्याने मात्र माझा अंत पाहिला. खेळातला डोंगर भरीव नसतो. ते नुसते हिरवे कापड उंच ताणलेले असते. त्याच्याखाली बोगद्याची नळी ठेवायची आणि दोन्ही तोंडांशी कापडाचे चौकोन कापून काढायचे, एवढीच कृती आहे. मी कमी चौकोन कापले, तर डोंगराचा एक पदर आत लोंबत राहिला आणि लोकल न्हाणीघरात शिरावी तशी हिरव्या पडद्यातून आत गेली. जास्त कापले, तर रुळांच्या शेजारी खाली थेट निळे आकाश दिसू लागले. खरा बोगदा खणणाऱ्यांना कातळ फोडावा लागला हे मान्य आहे, पण निदान त्यांच्या पायांखाली आकाश नव्हते.

बोगदा झाला आणि गाडी कळव्याला रुळांवरून घसरू लागली. रोज, त्याच जागी. खेळातले रूळ ठरावीक लांबीच्या आणि ठरावीक वळणाच्या तयार तुकड्यांत येतात. सरळ-सरळ जोडत गेले तर सगळे बसते, पण दोन बाजूंनी आलेली वळणे एकमेकांना भेटवायची वेळ आली की मध्ये दोन-चार सेंटिमीटर उरतात. डोळ्यांना ती फट दिसत नाही. गाडीला दिसते. खेळ आपल्या चुका लिहून ठेवतो त्या नोंदवहीच्या हजारो ओळींत ‘येथे मार्ग संपतो’ अशा अर्थाचे एक वाक्य शोधायला मला अकरा रात्री लागल्या, आणि शेवटी सापडले ते असे, की एका दमलेल्या रात्री मी एकाच जागी रुळांचे दोन तुकडे एकावर एक ठेवले होते. एक उचलला. घसरणे थांबले. अकरा रात्रींत माझ्या डोळ्यांखाली जी काळी वर्तुळे आली, त्यांची त्रिज्या मात्र कोणत्याही तयार तुकड्याशी जुळत नव्हती.

उद्‍घाटनाला मी शेजारचे काका बोलावले. त्यांनी उभी हयात मोटरमन म्हणून लोकल चालवण्यात घालवली आहे. चहा घेत ते पडद्याजवळ सरकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “अरे, तुझी चाकं रुळांच्या बाहेर आहेत.”

होती. रुळांचे तुकडे परदेशी पद्धतीचे, म्हणजे १,४३५ मिलिमीटर रुंदीचे होते, आणि आपला ब्रॉडगेज १,६७६ चा. साडेनऊ इंचांचा फरक. चौदा महिने माझी लोकल हवेवर धावत होती आणि मी बोगद्याचे चौकोन मोजत होतो.

मग मी सगळे रूळ बदलले. चाके रुळांवर आली, पण आता माझ्या लक्षात आले की फलाटही परदेशी डब्यांच्या मापाने आखलेले आहेत, आणि मुंबईची लोकल बारा फूट रुंद असल्यामुळे ती फलाट दोन्ही बाजूंनी कापत जाते. म्हणून परवा रात्री बसून ठाण्याचे सगळे फलाट मी थोडेथोडे मागे सरकवले. फलाट मागे गेले. पण त्यांवर कडेला उभे केलेले प्रवासी ही खेळाच्या दृष्टीने वेगळी वस्तू असल्यामुळे ते आपल्या पिशव्यांसकट होते तिथेच, रुळांच्या वर, अधांतरी उभे राहिले, आणि दिव्याची फास्ट लोकल त्यांच्यामधून निघून गेली तरी एकानेही पाय हलवला नाही.

काकांनी बराच वेळ पाहिले.

“ठाण्याचेच आहेत,” ते म्हणाले, “एकदा धरलेली जागा सोडणार नाहीत.”