रखमाबाई हरल्या, हे खरंच आहे

नमस्कार. रखमाबाई राऊतांवरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बालपणी लग्न लावलेल्या नवऱ्याने, दादाजीने, त्यांनी नांदायला यावं म्हणून लावलेला खटला त्या हरल्या, दादाजीला पैसे मिळाले तेव्हा कुठे सुटल्या, शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचं किमान वय वाढवणारा संमतिवयाचा कायदा सुधारक बेहरामजी मलबारींची खटपट आणि बंगालातल्या फुलमणी या बालवधूचा मृत्यू यांमुळे झाला. मग ‘इतिहास बदलणारी’ हे बिरुद कशाला, असा तुमचा आक्षेप आहे. नवरा वारल्यावर त्यांनी वैधव्याचा वेष घेतला, हेही तुम्ही लिहिलंत.

हरल्याचं कबूल. ‘न्यायालयात विजय मिळवला’ हे वाक्य माझी चूक होती, ते आज काढलं. सप्टेंबर १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने दिलेला निकाल अपिलात टिकला नाही आणि ४ मार्च १८८७ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. पुढच्या वर्षी दादाजीने दोन हजार रुपयांवर तडजोड केली, म्हणून ती वेळ आली नाही.

पण हा निकाल कुठल्या कायद्याने आला, ते बघा. टिळकांचा ‘केसरी’ आणि रखमाबाईंचे इतर विरोधक म्हणत होते की हिंदू धर्म धोक्यात आहे. प्रत्यक्षात बायकोला नांदायला आणण्याचा असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच; तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून इथे आला होता. पिन्हींनी नेमकं हेच दाखवलं होतं. आणि खुद्द इंग्लंडने १८८४मध्ये, म्हणजे दादाजीने दावा लावला त्याच वर्षी, असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं होतं. तिकडे रद्द झालेली शिक्षा इथे एका सुतार समाजातल्या मुलीच्या डोक्यावर टांगली गेली, तीही धर्मरक्षणाच्या नावाने. रखमाबाई मुकाट्याने नांदायला गेल्या असत्या तर ही विसंगती चव्हाट्यावर आली असती का? मला नाही वाटत.

मलबारींचं श्रेय मी कमी करत नाही. त्यांनी १८८४मध्ये बालविवाहावर टिपणं काढली आणि रान उठवलं. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने हे वय दहावरून बारावर नेलं. पण ती सगळी चर्चा वयाची होती. रखमाबाईंचा प्रश्न वेगळा होता आणि माझ्या मते जास्त खोल. अकराव्या वर्षी माझं लग्न लावलंत, तेव्हा मला विचारलं कोणी? जे मी कबूलच केलं नव्हतं, ते मला बांधील कसं? हा प्रश्न मुंबईच्या हायकोर्टात उभा राहिला, तोही वडीलधाऱ्याने किंवा सुधारकाने केलेला अर्ज म्हणून नाही, तर स्वतः त्या बाईच्या नकारातून. त्याच सुमारास, १८८५मध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने त्यांनी बालविवाहावर आणि लादलेल्या वैधव्यावर पत्रं लिहिली होती. तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. एकीकडे कोर्टात खटला चालू, दुसरीकडे ही पत्रं!

वैधव्याचा वेष त्यांनी घेतला, हो. १९०४मध्ये दादाजी गेल्यावर. ज्या माणसाबरोबर त्या एक दिवसही नांदल्या नाहीत, त्याच्यासाठी. हे वाचून मलाही जड गेलं, अजूनही जातं. पण तोवर त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या होत्या आणि सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात काम करत होत्या. आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी तिथे आणि राजकोटला रुग्णसेवेत घालवली. त्या वेषामागे त्यांच्या मनात काय होतं, ते मी ठरवणार नाही. त्यामुळे १८८७चा नकार मात्र पुसला जात नाही.

आणि तुरुंगाची ती तरतूद? १९२३मध्ये ती कायद्यातून गेली. नांदायला आणण्याचा दावा मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९मध्ये १९५५ साली पुन्हा लिहिला गेला. त्याच वर्षी, २५ सप्टेंबरला, रखमाबाई वारल्या. पुढचा लेख या कलमावर लिहितो आहे; तुमचा आक्षेप असाच रोखठोक येऊ द्या.