हा तास कोणत्या तासाच्या जागी?

गेल्या महिन्यात नातवाच्या शाळेतील पालकसभेला मी गेले होते. मुलगी आणि जावई दोघेही हिंजवडीला नोकरीस असल्यामुळे संध्याकाळी पाचच्या सभेला पोहोचणे त्यांना जमत नाही, आणि एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या आजीला शाळेची पायरी चढायला निमित्तच हवे असते. पुढील वर्षापासून पाचवी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला टॅबलेट देण्यात येणार आहे, त्यासाठी शुल्क वाढणार आहे आणि गणिताच्या आठवड्यातील सात तासांपैकी तीन तास मुले टॅबलेटवर ‘आपापल्या गतीने’ शिकणार आहेत, असे तेथे सांगण्यात आले. पडद्यावरच्या चित्रफितीत मुले हसत होती आणि आलेख वर चढत होते. पालकांनी विचारले ते शुल्क किती हप्त्यांत भरता येईल, टॅबलेट फुटला तर भुर्दंड कोणाला आणि डोळ्यांना त्रास होईल का. प्रश्न रास्तच होते. मी विचारले की, हे तीन तास ज्या तासांच्या जागी येणार आहेत, त्या तासांत आज वर्गात नेमके काय चालते, हे कोणी बसून पाहिले आहे का? उत्तर आले, “आजी, आता काळ बदलला आहे.” थोडी हसाहस झाली, मीही हसले. पण तो प्रश्न मला सहज सुचलेला नव्हता. त्याच्यामागे काही वाचन आहे, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

आधी एक खुलासा करते, कारण पुण्यात यंत्राविषयी शंका काढली की माणूस जुनाट ठरतो. संगणकाशी माझे वैर नाही. १९८४-८५ च्या सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, तेव्हा आमच्या शाळेत ते आणण्यासाठी अर्ज खरडणाऱ्यांत मी होते. त्याच १९८४ साली सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीच्या शेजारी बालचित्रवाणी ही शैक्षणिक चित्रफिती बनवणारी संस्था सुरू झाली होती, आणि १९९१ मध्ये याच शहरातल्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला तेव्हा आम्ही शिक्षकांनी शिक्षकखोलीत पेढे वाटले होते. आमच्या शाळेतील संगणक मात्र शिवून घेतलेल्या खोळीत, वातानुकूलित खोलीत राहत असत. चपला बाहेर काढून, ओळीने आत जाऊन मुले त्यांचे दर्शन घेत. पुढे बिघाड झाला, दुरुस्तीला पैसे नव्हते आणि खोलीला कुलूप लागले. आधी पूजा आणि मग कुलूप, हा क्रम मी नोकरीत आणखी दोनदा पाहिला.

आता संशोधनाकडे येते. ज्या अभ्यासामुळे माझे डोळे उघडले तो गुजरातमधला आहे. ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने २००८ मध्ये मांडलेल्या या अभ्यासात ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांमधील दुसरी-तिसरीच्या मुलांना गणिताचे संगणकीय खेळ देण्यात आले. खेळ तेच, संगणक तेच, मुलेही त्याच थरातली. फरक एवढाच की, काही ठिकाणी हा कार्यक्रम शाळेच्या वेळात, म्हणजे बाईंच्या शिकवण्याच्या जागी चालला आणि काही ठिकाणी शाळेच्या आधी किंवा नंतर, जादा वेळ म्हणून. जेथे तो शिकवण्याच्या जागी आला तेथे मुलांचे गुण ०.५७ प्रमाण विचलनाने घसरले, आणि जेथे तो जादा म्हणून आला तेथे ते ०.२८ ने वाढले. ज्यांना ही भाषा परकी वाटते त्यांच्यासाठी सांगते: १०० मुले गुणांनुसार एका रांगेत उभी केली, तर बरोबर मधोमध उभे असलेले मूल पहिल्या प्रकारात साधारण २२ जागा मागे जाते आणि दुसऱ्या प्रकारात ११ जागा पुढे सरकते. यंत्र तेच असताना!

या निष्कर्षाचा अर्थ लावताना एक गोष्ट विसरून चालत नाही. ज्ञानशालेत शिकवण्याची पद्धत नीट आखलेली होती, वर्गात खरोखर काहीतरी घडत होते. त्यामुळे तो वेळ काढून घेतल्यावर मुलांचे नुकसान झाले. जेथे तासाला शिक्षकच नसतात, निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामाला गेलेले असतात, तेथे त्याच जागी चांगला संगणकीय कार्यक्रम आला तर हिशेब कदाचित उलटा येईल. म्हणूनच संगणक हवा की नको हा वाद मला निरर्थक वाटतो. तो कशाची जागा घेणार, हे ठरल्याशिवाय त्या वादाला काही आकारच येत नाही.

वडोदऱ्याचे उदाहरण पाहा. तेथील महापालिकेच्या प्राथमिक शाळांना राज्य सरकारने संगणक दिले होते, पण ते फारसे वापरात नव्हते. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने चौथीच्या मुलांसाठी आठवड्यातून दोन तासांचा गणिताचा कार्यक्रम तेथे चालवला: एका संगणकावर दोन मुले, एक तास शाळेच्या वेळात आणि एक तास बाहेर. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसऱ्या वर्षअखेर ०.४७ प्रमाण विचलनाइतकी वाढ नोंदली आहे, आणि ती खरोखर मोठी आहे. मात्र कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने पुन्हा पाहिले तेव्हा त्यातली ०.१० च्या आसपास उरली होती. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात पहिला आकडा असतो. दुसरा मी अजून कोठे छापलेला पाहिलेला नाही.

दिल्लीतला अभ्यास मला सर्वांत आशादायक वाटतो, आणि त्याचे कारण तंत्रज्ञानाच्या चमकेत नाही. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी ६१९ विद्यार्थ्यांमध्ये सोडत काढून काहींना ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय शिकवणीच्या केंद्रांत शाळेव्यतिरिक्त शिकण्याची संधी दिली. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. हा लेख २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या चाचणीत त्यांना असे आढळले की, सहावीतले सरासरी मूल गणितात इयत्तेच्या सुमारे अडीच वर्षे मागे आहे आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार वर्षांवर जाते. ज्यांनी शाळेत शिकवले आहे त्यांना हे वाचून धक्का बसणार नाही, फक्त अपराधी वाटेल. नववीच्या वर्गात मी बहुपदी शिकवत असताना मागच्या बाकावरची कितीतरी मुले खरे तर पाचवीच्या भागाकारात अडकलेली होती; मला ते ठाऊक होते, आणि अभ्यासक्रम मार्चच्या आत पुरा करायचा होता. त्या कार्यक्रमाने मुलाची इयत्ता बाजूला ठेवून ते जेथे आहे तेथून सुरुवात केली. शिवाय, हे सांगायला लोक विसरतात, त्या केंद्रात दीड तासापैकी अर्धा वेळ संगणकापुढे आणि अर्धा वेळ दहा-पंधरा मुलांच्या गटाबरोबर बसणाऱ्या माणसापुढे जात असे.

पेरू या देशाविषयी थोडक्यात. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ ही योजना त्या देशाने मोठ्या हौसेने राबवली. ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात, २०१२ मध्ये, गणितात आणि भाषेत काहीही फरक आढळला नाही. यंत्रे पोहोचली, शिकवणे होते तसेच राहिले.

मी शनिवारी सकाळी पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीतील अभ्यासिकेत मुलांना गणित सांगायला जाते. तेथे कोणीतरी देणगी म्हणून दिलेले सहा टॅबलेट आहेत. मागे सहावीतली एक मुलगी अपूर्णांकांचा सराव करत होती आणि मी तिच्या मागे उभी राहून पाहत होते. १/२ + १/३ = ? पर्याय चार. तिने पहिल्यावर बोट ठेवले, लाल फुली आली. दुसऱ्यावर ठेवले, हिरवी खूण आली, टाळ्या वाजल्या आणि पडद्यावर नाणी पडली. पुढचे उदाहरण. पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा. हिरवी खूण, टाळ्या, नाणी. ती प्रश्न वाचतच नव्हती, आणि तिला वाचण्याची गरजही नव्हती, कारण शेवटी बरोबर उत्तर आले की यंत्र ते बरोबर धरत होते. दहा मिनिटांत तिच्या नावापुढे दहापैकी दहा आले. मग मी पाटी पुढे केली आणि तेच पहिले उदाहरण घातले. तिने क्षणभरही न थांबता २/५ लिहिले: अंशात अंश, छेदात छेद.

हे उत्तर मी एकतीस वर्षे पाहत आले. ते चुकीचे आहेच, पण त्यामागे एक विचार आहे, आणि तो विचार ज्याला दिसतो तोच पुढचा प्रश्न विचारू शकतो. मी वहीच्या कागदाची एक पट्टी घडी घालून अर्धी केली, त्यावर दुसऱ्या पट्टीचा तिसरा हिस्सा जोडला आणि तिला विचारले, हे अर्ध्याहून जास्त की कमी? “जास्तच ना, बाई.” मग २/५? ती बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिली. “ते तर अर्ध्याहूनही कमी आहे,” असे म्हणून तिने स्वतःच पाटी पुसली. टॅबलेट तोवर झोपी गेला होता.

एखादा कार्यक्रम २/५ या उत्तरावरून मुलाचा गैरसमज ओळखून त्याला पुढचे उदाहरण त्या बेताने देत असेल, तर तो माझ्याहून अधिक मुलांपर्यंत पोहोचेल आणि मला त्याचा आनंदच आहे. दिल्लीतल्या कार्यक्रमाचे बलस्थान नेमके हेच होते. नुसती लाल फुली आणि टाळ्या असतील तर ते नाण्यांचे दुकान आहे.

उत्तरे लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेबाबतही हेच दिसू लागले आहे. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेतील सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला गणिताचा एक प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधा चॅटबॉट हाताशी असताना मुलांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा ती १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता शिक्षकांनी आखलेल्या सूचना तेवढ्या देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांचे असे नुकसान झाले नाही, पण परीक्षेत त्यांना फायदाही दिसला नाही. सरावातले यश म्हणजे शिकणे नव्हे, हे आम्ही गाइड घेऊन गृहपाठ करणाऱ्या मुलांच्या बाबतीत ओळखून होतो. अप्पा बळवंत चौकात ती गाइडे आजही ढिगाने मिळतात.

आणि ‘मुलांना साधन मिळायला हवे’ हा युक्तिवाद आता तितका जोरकस राहिलेला नाही. ‘असर’ या शालेय शिक्षणाविषयीच्या अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. साधन घरात येऊन बसलेलेच आहे.

सभेनंतर मी शाळेला एक पत्र दिले. त्यात दोनच विचारणा आहेत. टॅबलेटचे तीन तास गणिताच्या चालू तासांतून काढण्याऐवजी शाळा सुटल्यावर, ज्यांना गरज आहे त्या मुलांसाठी ठेवता येतील का. आणि सगळ्या वर्गांना देण्याआधी सहावीच्या दोन तुकड्यांपैकी एकीलाच वर्षभर देऊन, दोघींची तीच कागदी चाचणी घेऊन पाहता येईल का. दुसऱ्या सूचनेला फारसा खर्च नाही, थोडा धीर लागतो. पंधरा दिवसांनी उत्तर आले. त्यात तेच माहितीपत्रक पुन्हा जोडलेले होते आणि येत्या शुक्रवारी कंपनीच्या प्रतिनिधीचे प्रात्यक्षिक असल्याचे निमंत्रण होते.

मी जाणार आहे. १/२ + १/३ हेच उदाहरण मागून घेईन, मुद्दाम २/५ वर बोट ठेवीन आणि यंत्र पुढे काय विचारते ते पाहीन.