'व्यवसाय' नावाचा रकाना

नव्याने येणाऱ्या माणसाकडून आम्ही जो फॉर्म भरून घेतो, त्यात 'व्यवसाय' असा एक रकाना असतो, आणि दादरमध्ये सोळा वर्षे समुपदेशन केल्यावर माझे मत असे झाले आहे की, आम्ही थेरपिस्ट त्यातला एक शब्द वाचून फार लवकर पुढे जातो. बालपण, आईवडील, लग्न यांवर महिनोन्‌महिने बोलणे होते. माणूस दिवसाचे दहा-अकरा तास कोणाचे ऐकतो आणि कोणापुढे गप्प बसतो, हे मात्र 'कामाचा ताण' म्हणून आटोपले जाते.

मध्यंतरी एक तरुण (तपशील अर्थातच बदलले आहेत) तीन सत्रे लॅपटॉपची बॅग मांडीवर धरूनच बसला, आणि मी त्याला श्वासाचे व्यायाम शिकवत राहिले. चौथ्या वेळी आदला दिवस तासातासाने सांगायला लावला, तेव्हा कळले की रात्रीच्या कॉलसाठी तो रोज भरल्या ताटावरून उठतो. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आपल्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याची, नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे, हे मला तोंडपाठ होते. सुचले मात्र नव्हते.

तरीही 'नोकरी सोडा' हा हल्ली सर्रास दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. ऑस्ट्रियातील मारियनथाल गावची कापडगिरणी बंद पडल्यावर समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी तेथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाती वेळच वेळ असूनही लोकांचे वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले होते आणि पुरुषांची चाल मंदावली होती. पगाराबरोबर दिवसाचा आकारही गेला होता.

हे मला पुस्तकात वाचावे लागले नसते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. सुमारे अडीच लाख कामगारांपैकी एक माझे वडील. पुढे कितीतरी दिवस ते पहिल्या पाळीच्या हिशेबाने उठत, दाढी करत, आणि सात वाजता लालबागच्या चाळीतल्या गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहत. नैराश्य हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. माझ्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मात्र मी दहावी होईपर्यंत ते स्वतःच्या हाताने 'गिरणी कामगार' असेच लिहीत राहिले.