पंधरा महिने, दोन सुट्ट्या

परवा दुपारी आमच्या तालुक्यातल्या एका जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) गेटाशी एक म्हातारी नातवाला खांद्यावर टाकून उभी होती. लेकरू असेल सहा-सात महिन्यांचं, रडून रडून आवाज बसलेला. सून आत कामाला. "भाऊ, सुनेले जराशीक बाहेर धाडा ना, लेकरू पेज घेऊन नाई रायलं." गेटवाला म्हणाला, "जेवनाच्या सुट्टीत येईन ते." सुट्टीला पाऊण तास होता. म्हातारी कापसाच्या गाडीच्या सावलीला टेकली.

शेवटी सून पळतच आली. केसांत, भुवयांत कापसाचं तूस. लेकरू तोवर रडून झोपलेलं. तिने तसंच छातीशी धरलं, तर झोपेतच चोखायला लागलं. तिच्या ब्लाउजवर दोन ओले डाग होते.

ते डाग मला पाठ आहेत. माझं बाळ सात महिन्यांचं असताना मी एका खाजगी ऑफिसात कम्प्युटरवर बसायचे. गाव 11 किलोमीटर, जायला-यायला एसटी. बारा वाजले की छाती दगडासारखी दाटायची. मग बाथरूममध्ये जाऊन दूध पिळायचं आणि वरून तांब्याभर पाणी ओतायचं. घरी सासूबाई त्याच वेळी बाळाला वाटी-चमच्याने गाईचं दूध पाजत असायच्या. लवकर सोडा म्हटलं, तर साहेब म्हणाले, "बाळ लहान आहे तर घरी राहा ना." दोन महिन्यांत पान्हा आटला. माझंच कुठे तरी चुकलं, असं मी कितीतरी दिवस धरून बसले होते.

कायदा मला नंतर कळला, आणि तेव्हा फार राग आला. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात स्पष्ट लिहिलेलं होतं: बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या बाईला, नेहमीच्या विश्रांतीशिवाय, लेकरू 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोनदा पाजायला सुट्टी. त्यासाठी मजुरी कापायची नाही. त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे कायम आहे. म्हणजे हा हक्क माझ्या जन्माच्या आधीपासून होता आणि मी तो साहेबांकडे भीक मागितल्यासारखा मागत होते! कायद्याचा सारांश स्थानिक भाषेत, बाया काम करतात तिथे भिंतीवर लावायचा, हेही मालकाचंच काम. मी अजून एकाही भिंतीवर तो पाहिलेला नाही.

"आम्ही तं रोजीवाल्या बाया, आमाले कायचा कायदा व?" हे हमखास ऐकू येतं. तर दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या मजूर बायांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2000 मध्येच सांगितलंय की रोजंदारीच्या बाईलाही हा कायदा लागू आहे.

पण घर लांब असेल तर सुट्टी घेऊन बाई जाणार कुठे? लेकरू जवळ हवं. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीत हे आलं. जिनिंगवाल्यांना एक पत्र्याची खोली, एक पाळणा आणि एक मावशी जड जाते, हे मला पटत नाही.

आणि शेतात कापूस वेचणाऱ्या बाया? त्या तर या कायद्यात बसतच नाहीत. धुऱ्यावरच्या लिंबाला साडीची झोळी, त्यात लेकरू. मजुरी किलोवर, पाजायला बसलं की तेवढा कापूस कमी भरतो. त्यात फवारलेल्या पऱ्हाटीतले, म्हणजे कापसाच्या झाडांतले, हात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तसलंच विष हाताला लागलेलं असताना वेचणारी आई लेकराला घेते. निदान हात धुवायला साबण-पाणी आणि पाजायला बसल्याची मजुरी न कापणं, एवढं तर शेतमालक आजही करू शकतात. मी स्वतः शेतकऱ्याची लेक आहे, म्हणून हक्काने सांगते.

मी पाजायच्या सुट्टीच्या आणि पाळणाघराच्या, अशा दोन्ही कलमांचा मराठी मजकूर मोठ्या अक्षरांत छापून घेतलाय. सोमवारी त्या जिनिंगच्या मुनीमजींकडे घेऊन जाणार आहे. आपल्या तालुक्यातल्या कुणाला आपल्या कामाच्या ठिकाणी लावायचा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, प्रती माझ्याकडे आहेत.