कामगाराला शोध लागलाच तर

साहेब, मुख्यालयातून मेल आलाय ना? 'कर्मचाऱ्यांतले संशोधक ओळखा, त्यांचे शोध नोंदवून घ्या, पेटंट काढा.' घाबरू नका. नुसता मेल आहे, ऑडिट नाही. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या साहेबांनी असे कैक मेल पचवलेत.

आधी एक सूचनापेटी लावा. कॅन्टीनमध्ये, हात धुवायच्या बेसिनशेजारी. कुलूप मात्र दणकट घ्या. किल्ली एचआरच्या मॅडमकडे, आणि मॅडम नोकरी सोडतील तेव्हा त्यांच्याच पर्समध्ये. वर्षाने कुलूप तोडल्यावर गुटख्याची पुडी आणि 'डाळ पातळ असते' एवढी चिठ्ठी निघाली, की वर कळवा: प्रतिसाद अल्प.

तरी शॉपमध्ये एखादा तात्या असतोच. मशीनच्या सेटिंगला पाऊण तास जातो म्हणून वैतागतो, भंगारातल्या पट्ट्या वेल्ड करून फिक्श्चर, म्हणजे जॉब जागेवर घट्ट धरणारी चौकट, बनवतो आणि काम दहा मिनिटांवर आणतो. इथे तुमची कसोटी. "कोणाला विचारून केलं हे?" एवढं विचारा. बहुतेक शोध इथेच वारतात. नाहीच वारला, तर चौदा पानी इंग्रजी फॉर्म द्या. 'प्रायर आर्ट'चा, म्हणजे आधीपासून माहीत असलेल्या तंत्राचा, रकाना पाहून तात्या विचारेल, "साहेब, यात चित्र काढायचंय का?" हसू नका. तुम्हालाही तो रकाना भरता येत नाही.

पेटंटचा एक नियम तर तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. शोध नवा असावा लागतो, म्हणजे अर्जाआधी तो जगजाहीर झालेला चालत नाही. तेव्हा अर्जाची घाई नको, कौतुकाची करा. तात्याला शाल-श्रीफळ द्या, फिक्श्चरशेजारी उभं करून फोटो काढा, मापांसकट ड्रॉइंग लिंक्डइनवर टाका. लाइक्स तुम्हाला, फिक्श्चर शेजारच्या कंपनीला.

अर्ज करायचाच ठरला, तर शोधकर्ता म्हणून पहिलं नाव तुमचं, दुसरं तुमच्या साहेबांचं. कायदा 'खरा आणि पहिला शोधकर्ता' असं काहीतरी म्हणतो. दुसऱ्याचा शोध लाटून मिळवलेलं पेटंट रद्द होऊ शकतं, हे लीगलमधला नवा पोरगा सांगेल. त्याला नागपूरला पाठवा.

राहिला पैसा. जर्मनीत १९५७ पासून कायदाच आहे: कंपनीने कामगाराचा शोध घेतला तर मोबदला द्यायचा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात नोकरदारासाठी अशी खास सोय नाही. नेमणूकपत्रात असेल ते खरं. ते तात्याने वाचलेलं नाही. तुम्ही तरी कुठे वाचलंय?

पण जपानची गोष्ट ध्यानात ठेवा. निचिआ कंपनीत शुजी नाकामुरांनी निळा एलईडी उजळवला आणि कंपनीने पेटंटबद्दल त्यांच्या हातावर २० हजार येन टेकवले. इथवर सगळं झकास. पुढे गडी कोर्टात गेला. २००४ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २,००० कोटी येन द्यायला सांगितले. २००५ मध्ये सुमारे ८४ कोटींवर तडजोड झाली. वर २०१४ मध्ये नोबेलचा मान. कंपनीचं चुकलं कुठे? रोख दिली. रोख हातात पडली की माणूस हिशेब मांडतो. तुम्ही स्टीलची बाटली द्या. झाकण गळकं असेल तर फारच उत्तम. तात्या चार दिवस त्यातच गुंतेल.

आणि हो, २६ एप्रिलला जागतिक बौद्धिक संपदा दिन असतो. केक कापा, घोषवाक्य स्पर्धा घ्या, गेटवर मोठा फ्लेक्स लावा. पाचच दिवसांनी कामगार दिन येतो. वरची ओळ आणि तारीख कागद चिकटवून बदलली की तोच फ्लेक्स चालतो. ही युक्ती तात्याचीच. अजून नोंदवलेली नाही.