हिमगौरीची सख्खी आई

हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी मुळात तिची सख्खी आई होती. ग्रिम बंधूंनी १८१२ साली ही गोष्ट पहिल्यांदा छापली, तेव्हा खिडकीशी शिवत बसून बर्फासारखी गोरी मुलगी मागणारी राणी आणि पुढे त्याच मुलीच्या रूपावर जळून तिच्यामागे शिकारी धाडणारी राणी एकच होती. मुलगी तेव्हा अवघी सात वर्षांची. १८१९ च्या आवृत्तीत आईला बाळंतपणात मरण आलं आणि वर्षभराने राजाने दुसरी बायको आणली. ग्रिम बंधूंच्याच दुसऱ्या गोष्टीतल्या हॅन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांची आईही १८४० च्या आवृत्तीत अशीच सावत्र झाली. पुस्तक घराघरांत मुलांना वाचून दाखवलं जाऊ लागलं होतं. आईच पोटच्या पोरीला विष देते, हे त्या घरांना सोसणारं नव्हतं. मग तो सगळा दुष्टपणा सावत्र आईच्या माथी मारला गेला आणि तो दोनशे वर्षं तिथेच आहे.

मी राहते ते जर्मनीतलं हानाऊ म्हणजे या ग्रिम भावांचं जन्मगाव. बाजारचौकात दोघांचा पुतळा आहे आणि इथल्या मुलांना ही गोष्ट बालवाडीपासून तोंडपाठ असते. तरीही माझ्या मुलीच्या वर्गातल्या काही मुलांना न्यायला वडिलांची दुसरी बायको येते, मुलं तिला नावाने हाक मारतात, आणि ‘ती तुला नीट जेवायला घालते ना?’ असं कुणी विचारताना मी ऐकलेलं नाही. पालकसभेत ती इतर आयांसारखीच बसते.

आमच्या नात्यातल्या एका मुलाची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. त्याला लहान मुलगी आहे. आता त्याच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं सुरू झालंय आणि घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, पोरीच्या डोक्यावर सावत्र आई कशाला? दुसरा म्हणतो, मेव्हणीशीच लग्न कर. माय मरो आणि मावशी जगो. जिच्याशी लग्न ठरू शकतं ती बाई कशी आहे, काय करते, तिला हे घर झेपेल का, हे कुणीच विचारत नाही. उंबरठा ओलांडण्याआधीच तिच्यावर आरोपपत्र तयार आहे. उद्या तिने मुलीला अभ्यासावरून रागावलं, तर सख्ख्या आईचं जे वळण लावणं ठरलं असतं, तोच तिचा छळ ठरेल.

याचा मला मनापासून राग येतो. कैकेयी आपल्याला आठवते, ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची आठवते. पण नकुल-सहदेवांची कुंती सावत्र आईच होती की! माद्री सती गेल्यावर तिने त्या दोघांना वाढवलं, आणि पांडव वनवासाला निघाले तेव्हा ‘सहदेवाला जप’ असं तिने द्रौपदीला बजावलं. तिला सावत्र आई म्हणून कुणी ओळखत नाही. आणि मुलीच्या रूपावरून तिला टोचून बोलणाऱ्या, ‘उन्हात काळी पडशील, मग कोण करेल तुला’ म्हणणाऱ्या सख्ख्या आया मी माझ्याच लहानपणी कितीतरी पाहिल्या आहेत. १८१२ ची गोष्ट त्यांना जास्त ओळखत होती.

म्हणून इथलं, जर्मनीतलं, सगळं उचलून तिकडे आपल्या घरांत न्यावं, असंही मी म्हणणार नाही. इथे नवी बाई आणि मूल बहुतेकदा एका फ्लॅटमध्ये एकटी पडतात. पुष्कळ मुलं एक आठवडा आईकडे, एक बापाकडे अशी सामान घेऊन फिरतात. बिनसलं तर मध्ये पडायला कुणी मोठं माणूस नसतं. आमच्या त्या मुलीच्या घरात मात्र आजी आहे, काकू आहे, शेजारच्या मावशी आहेत. आज ही सगळी माणसं नव्या सुनेवर नजर ठेवायच्या तयारीत आहेत. त्याऐवजी आजीने तिला जवळ बसवून सांगावं, की पोरीला भातावर तूप लागतं, अंधाराची भीती वाटते, आईचा फोटो कपाटावरून हलवलेला तिला खपत नाही. मी आजीला फोनवर हे सांगितलं. तिने लगेच ‘हो’ म्हटलं नाही, पण पोरीला आणखी काय काय लागतं ते ती मला सांगत बसली, चांगला अर्धा तास.