चिक्की नव्हती खाल्ली, मान्य!

ताई, दातांच्या तारेचे ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवतो ते छोटे तुकडे) का निघतात या माझ्या पोस्टवरची तुमची कॉमेंट दोनदा वाचली. 'एकाच दाढेवरचा ब्रॅकेट तीनदा निघाला, मुलीने चिक्कीला हात लावला नाही, तरी तुम्ही डॉक्टर लोक खाण्यावरच खापर फोडता' असं तुम्ही म्हणताय, आणि बरंचसं खरंय. त्या पोस्टमधे मी नुसती काय खाऊ नये याची यादी दिली, आमच्या चुका लिहिल्याच नाहीत.

एकाच दाढेवरून तीनदा म्हटल्यावर माझा पहिला संशय थुंकीवर. खालची मागची असेल तर अजूनच, तिथे जीभ, गाल, थुंकी सगळं एकदम मधे येतं. ब्रॅकेट नुसत्या गमने चिकटत नाही हो, आधी दातावर 37 टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड 15 ते 30 सेकंद ठेवतो, धुतो, सुकवतो, मग इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) खडूसारखं पांढरं दिसतं, त्यातल्या बारीक खाचांत रेझिन, म्हणजे आमचा गम, शिरतं आणि पकड येते. नेमकी तेव्हा थुंकी लागली की काही सेकंदांत प्रोटीनचा पापुद्रा बसतो, खाचा बुजतात. नुसती हवा मारून तो जात नाही, धुवून, बरेचदा परत अ‍ॅसिड लावून करावं लागतं. हिरडीचं रक्त लागलं तर विचारूच नका. आणि बाहेर सहा पेशंट बसलेले असताना 'चालतंय' म्हणून पुढे जायचा मोह होतो, खोटं कशाला बोलू.

माझंच सांगतो. नौपाड्यातल्या क्लिनिकमधे एका जुलैत ब्रॅकेट पटापट पडायला लागले, मी आठवडाभर पोरांना ओरडतोय, शेवटी एअर सिरिंज (दात सुकवायची हवेची पिचकारी) आरशावर मारून बघितली तर बारीक थेंब! ती हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढायचं राहिलेलं, पावसाळ्यात ते जास्तच साठतं. म्हणजे दात सुकवतोय म्हणून मीच ओला करत होतो. सगळ्यांचे फुकट लावून दिले.

'मग अजून स्ट्राँग गम वापरा ना' हे तुमचं मात्र पटलं नाही. ब्रॅकेट शेवटी काढायचाय, पकड अति झाली तर इनॅमलचा टवका उडू शकतो. रेनॉल्ड्स नावाच्या संशोधकाने 1975 साली साधारण 6 ते 8 मेगापास्कल (पकडीची ताकद मोजायचं एकक) पुरे म्हटलेलं, अजून तोच आकडा धरतात.

परत पडलाच तर फेकू नका, डबीत घालून न्या आणि पाठ बघायला सांगा. गम सगळा ब्रॅकेटला आणि दात साफ, तर बहुतेक थुंकी-ओलाव्याचा घोळ. गम दातावर आणि ब्रॅकेटच्या पाठीवरची जाळी रिकामी, तर चावताना जोर आला किंवा लावताना जाळीला ग्लोव्हचं बोट लागलं असेल. वरचा दात त्यावर आपटतोय का तेही बघायला लावा. आणि हो, तिसऱ्यांदा जुनाच ब्रॅकेट लावला की नवा, तेवढं कळवा.